फट राहिली नाही काका, ठेवली आहे

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया काल रात्री दोनदा वाचली आणि आज सकाळी आरशापुढे उभी राहून तिसऱ्यांदा. मी घरी केलेल्या आरशाच्या लाकडी चौकटीचे टाकलेले फोटो इतक्या बारकाईने कुणी बघितले, याचं मनापासून बरं वाटलं. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. तुम्ही पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये, म्हणजे हत्यारं आणि साचे बनवायच्या विभागात, चौतीस वर्षं काढलीत. चौकटीच्या मागच्या बाजूच्या फोटोत काचेभोवती चहूकडून फट दिसते, हे ढिलं काम आहे. काच घट्ट बसवून वरून सिलिकॉन मारायला हवं होतं. कोपरे ४५ अंशांत कापण्याऐवजी पट्टीवर पट्टी चढवल्यामुळे चौकट ओबडधोबड दिसते. चार फुटी काचेला पूर्ण उंचीचा आरसा म्हणू नये. आणि घरात लहान मूल असताना असा आरसा जमिनीवर उभा करून नुसता भिंतीला टेकवा म्हणून लिहिणं बेजबाबदारपणाचं आहे.

शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण तिथे माझी चूकच झाली. ४ फूट बाय दीड फूट आणि ५ मिमी जाडीची काच ७ किलोची भरते. सागवानी पट्ट्या आणि मागचा प्लाय धरला तर सगळं मिळून १२-१३ किलो. एवढं ओझं गुळगुळीत फरशीवर तिरकं उभं असेल, तर फरशी पुसताना पोछ्याचा एक धक्का पुरे. माझी भाची सुट्टीत आली की त्याच खोलीत खेळते, आणि मी तसं लिहून बसले. ती ओळ काल रात्रीच काढून टाकली. ज्यांनी ती वाचून आरसा टेकवून ठेवला असेल, त्यांनी आजच वरच्या बाजूला दोन एल पट्ट्या लावून तो भिंतीला जखडावा, ही हात जोडून विनंती.

आता फट. इथे मात्र मी तुमच्याशी भांडणार आहे.

काका, ती फट राहून गेलेली नाही, मोजून ठेवलेली आहे. चारही बाजूंनी २ मिमी. सुतारांच्या भाषेत अर्ध्या सुतापेक्षा जराशी जास्त (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). काच बसते ती खाच १० मिमी रुंद आहे, त्यातली ८ मिमी काचेवर चढते आणि २ मोकळी राहते. ही सवय मला भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटजवळच्या एका म्हाताऱ्या सुतारकाकांनी लावली. त्यांच्याकडे मी चार महिने शनिवारी जाऊन बसत असे. त्यांचं माप म्हणजे पोस्टकार्ड. पोस्टकार्डाला दोन घड्या घालून ते चार पदरी करायचे आणि काच खाचेत बसवली की तिच्या कडेने ते कार्ड फिरवायचे. कोपऱ्यात अडलं की काच बाहेर. पटाशीने तेवढीच जागा तासायची, फुंकर मारून भुसा उडवायचा, काच पुन्हा आत, कार्ड पुन्हा फिरवायचं. एकदा मी म्हटलं, इतकंसं अडलं तर काय बिघडतं? ते म्हणाले, "आत्ता काही नाही बिघडत. आषाढात बिघडतं."

त्यांच्याकडे जायच्या आधीच हे माझ्या घरात घडून गेलं होतं. सिंहगड रोडला भाड्याने राहत होते तेव्हा एका दुकानातून चौकट करून घेतली होती, मे महिन्यात. काच इतकी घट्ट की बसवताना कारागिराने कडेवर हाताच्या तळव्याने थापट्या मारल्या. मला तेव्हा तेच चांगलं काम वाटलं. जुलैत एका रात्री खोलीतून टक्क असा आवाज आला. सकाळी बघते तर डाव्या खालच्या कोपऱ्यापासून वर हातभर तडा. चौकट जमिनीवर आडवी ठेवली तर तीनच कोपरे टेकत होते, चौथा बोटभर वर. नीट न वाळलेल्या लाकडाने पावसाळ्यात पीळ खाल्ला होता. लाकडाला पीळ खाता येतो, काचेला येत नाही. तिला सरकायला जागाच नव्हती, मग ती तडकली.

तुम्ही लोखंडात आयुष्य काढलंत, म्हणून तुमच्याच मापात सांगते. एक मीटर लांबीची पोलादी पट्टी २० अंशांनी तापली तर साधारण पाव मिलिमीटर वाढते. माझ्या चौकटीची पट्टी रुंदीला अवघी अडीच इंच आहे. पुण्यातल्या एप्रिलमधल्या कोरड्या हवेतून ऑगस्टच्या दमट हवेत येईपर्यंत तीच पट्टी रुंदीत अर्धा ते एक मिलिमीटर फुगते. तेही सागवान म्हणून. ते इतर बऱ्याच लाकडांपेक्षा कमी हलतं. शिवाय पोलाद सगळीकडे सारखं वाढतं. लाकूड रेषांच्या आडवं फुगतं आणि लांबीत जवळजवळ तसंच राहतं. तुमच्या टूलरूममध्ये फिरता शाफ्ट तुम्ही प्रेस फिटमध्ये, म्हणजे दाबून घट्ट, बसवला नसता, क्लिअरन्स म्हणजे मोकळी जागा ठेवलीच असती. इथे फिरणारा शाफ्ट लाकूड आहे, वर्षातून एकच फेरी घेणारा.

काच मोकळी असली तरी खडखडत नाही. खालच्या खाचेत बुचाचे २ मिमी जाडीचे दोन तुकडे ठेवलेत, दोन्ही टोकांपासून पाव-पाव अंतरावर, आणि काचेचा सगळा भार त्यांवर आहे. मागचा ६ मिमी प्लाय तिला नुसता टेकलेला आहे. त्याच्या स्क्रूंची भोकं मुद्दाम मोठी पाडून खाली वायसर घातलेत, म्हणजे तोही हलला तर हलू दे.

सिलिकॉनबद्दल सावध करते, कारण हा सल्ला पुष्कळ जण देतात. आपण अजून "आरशाचा पारा उडाला" म्हणतो, पण पारा आणि कथलाचे आरसे कधीच मागे पडले. १८३५ मध्ये लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने काचेवर चांदी चढवायची रीत काढली आणि आजचे आरसे त्याच वाटेने आलेले आहेत. काचेच्या पाठीवर चांदीचा अतिशय पातळ थर, त्यावर बहुधा तांब्याचा आणि वरून रंगाचं संरक्षण. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, त्यातून वाळताना ॲसेटिक आम्ल सुटतं. ते रंगाच्या थरातून किंवा कापलेल्या कडेतून आत शिरलं की चांदीला लागतं आणि कडेने काळे डाग चालू होतात. बाथरूममधल्या आरशांचे कोपरे काळे पडतात त्यात ओल असतेच, पण कित्येकदा हे सिलिकॉनही असतं. चिकटवायचंच असेल तर न्यूट्रल क्युअर असं छापलेली नळी मागून घ्यावी. मी चिकटवलंच नाही, त्याला आणखी एक कारण आहे: उद्या काच फुटली तर चौकट वाचायला हवी.

कोपऱ्यांबद्दल तुमचं आणि माझं डोळ्यांना काय आवडतं ते वेगळं आहे, ते राहू दे. ४५ अंशांचा कोपरा नवा असताना देखणा दिसतो, हे मला मान्य आहे. पण पट्टीची रुंदी वाढते आणि लांबी वाढत नाही म्हटल्यावर तो कोन ४५ चा राहीलच कसा? उन्हाळ्यात केलेला कोपरा पावसाळ्यात बाहेरच्या टोकाला उघडतो, पावसाळ्यात केलेला उन्हाळ्यात आतल्या. शिवाय तिथे फेविकॉल लागतो तो तिरप्या कापलेल्या टोकांना, आणि टोकाची छिद्रं तो पिऊन टाकतात. माझ्या पट्ट्या रंधून सात सूत जाडीच्या उरल्या होत्या. प्रत्येकीतून साडेतीन सूत काढून एक दुसरीत बसवली, म्हणजे दर कोपऱ्याला अडीच बाय अडीच इंचाचा सपाट पृष्ठभाग चिकटायला मिळाला. पेठांमधल्या जुन्या वाड्यांच्या दारांच्या चौकटी बघा, तिथेही तिरपा कोपरा नाही, कुसू आणि खोबणच (एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत) सापडेल. मला तो जोड लपवावासा वाटत नाही. फिकट आणि गडद लाकूड एकमेकांवर येऊन जो चौकोन दिसतो, तो मला पूर्ण चौकटीत सगळ्यात जास्त आवडतो.

(लाकडाचं कुणीतरी विचारलं होतं. पाडलेल्या वाड्याचं जुनं सागवान आहे, टिंबर मार्केटमधूनच घेतलं. रंधा मारायच्या आधी प्रत्येक इंचावरून लोहचुंबक फिरवा. मी एका जागी आळस केला आणि डोकं तुटलेल्या खिळ्याने रंध्याच्या पात्याला खड्डा पाडला. पण पहिली ढलपी निघाली तेव्हा वरचा काळा थर जाऊन खालून मधाचा रंग आला आणि तो तेलकट, चामड्यासारखा वास खोलीभर पसरला. त्या वासासाठी मी पुन्हा हेच लाकूड घेईन.)

राहिली उंची. पायापासून डोक्यापर्यंत दिसायला आरसा आपल्या उंचीच्या निम्मा पुरतो, आणि मागे सरकल्याने किंवा पुढे आल्याने त्यात फरक पडत नाही. डोळ्यांतून निघालेली नजर आरशावर आपटून पायांकडे जाते, ती डोळे आणि पाय यांच्या बरोबर मधल्या उंचीवर आपटते. डोक्याचंही तसंच. म्हणजे ५ फूट ८ इंच उंचीच्या माणसाला ३४ इंच काच पुरेशी आहे. अट एकच: आरसा सरळ उभा हवा आणि योग्य उंचीवर हवा. इथे पुन्हा तुमचा मुद्दा दुसऱ्या वाटेने बरोबर निघतो. जमिनीवर ठेवला तर ४ फुटी आरशाचा वरचा काठ डोळ्यांच्या खाली राहतो, मग डोकं दिसण्यासाठी तो तिरका करावा लागतो आणि माणूस विचित्र दिसतो. काचेचा खालचा काठ जमिनीपासून २० इंचांवर घेतला, तर वरचा ६८ इंचांवर जातो. मी हिशोब मांडून बघितला: पावणेचार फुटी भाचीपासून ५ फूट १० इंची भावापर्यंत सगळे पूर्ण दिसतात.

तर येत्या रविवारी आरसा भिंतीवर चढतो आहे. पाठीला वर एक आडवी पट्टी, तिची खालची धार ४५ अंशांत तिरपी. तशीच तिरपी धार वर करून दुसरी पट्टी भिंतीत स्क्रूने पक्की, आणि आरसा वरून त्यात अडकवायचा. खाली तेवढ्याच जाडीचा ठोकळा, म्हणजे मागे हवा खेळेल आणि पावसाळ्यात भिंतीची ओल प्लायला लागणार नाही. आमची भिंत विटांची आहे, त्यामुळे नेहमीचे प्लग चालतील. नव्या इमारतीत बऱ्याचदा सिपोरेक्सच्या (हलक्या, सच्छिद्र सिमेंट ठोकळ्यांच्या) भिंती असतात, त्यांना त्यांचेच वेगळे प्लग घ्या, साधे ओढले की भुसभुशीत होऊन बाहेर येतात.

भिंतीवर लावण्याआधी फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांच्या संचाने) आठ ठिकाणी फट मोजून प्लायच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवते. ऑगस्टच्या शेवटी आरसा उतरवून त्याच आठ जागा पुन्हा मोजेन आणि दोन्ही आकडे इथेच तुमच्या प्रतिक्रियेखाली टाकेन. फीलर गेज मात्र माझ्याकडे नाही, बुधवारी जुन्या बाजारात जाऊन बघणार आहे. जुनं घेताना पाती झिजलेली आहेत का, हे कसं ओळखायचं, तेवढं त्याआधी सांगा.