चकचकीत कठडा

रत्नागिरीत समुद्राच्या वाऱ्यावर घर असणं ही पाहुण्यांच्या दृष्टीने चैन आणि घरच्यांच्या दृष्टीने शिक्षा. खिडकीचे गज, दाराच्या बिजागऱ्या, स्कूटरचा स्टँड, कशालाही विचारा. दिवाळीला फासलेला रंग शिमग्यापर्यंत पापुद्र्यांनी गळतो आणि खालून लोखंड लालभडक होऊन हसतं. त्यामुळे गच्चीच्या कठड्याचा एक गज बाबांच्या हातात सुटून आला, तेव्हा घरात एकमताने ठराव झाला, की आता स्टेनलेस स्टील. आमच्या घरात एकमत होणं हीच खरं तर धोक्याची घंटा असते.

फॅब्रिकेशनवाल्याने पाइपवर टिचकी मारून नाद ऐकवला. "तीनशे चार ग्रेडचं स्टील आहे साहेब. तुम्ही जाल, हा राहील." विकणाऱ्याने गिऱ्हाइकाच्या मरणाचा दाखला इतक्या सहज द्यावा हे मला खटकलं, पण बाबा खूश झाले. त्यांनी खिशातून चुंबक काढून पाइपला लावलं. (बाबांच्या खिशात चुंबक असतं. का, ते विचारायचं नाही.) चुंबक चिकटलं नाही. "अस्सल!" बाबा म्हणाले. आता, निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं स्वस्तातलं २०२ ग्रेडचं स्टील घेतलं तरी चुंबक असंच तोंड फिरवतं, पण हे बाबांना कोण सांगणार?

फिनिशवर फारशी चर्चा झालीच नाही. मिरर फिनिशवर बोटांचे ठसे दिसतात, मॅट सोबर दिसतं आणि सध्या तेच चालतं, असं तो म्हणाला. मग खाली पार्किंगमध्येच त्याच्या पोऱ्याने ग्राइंडरला खरखरीत चकती लावून पाइप घासायला घेतले. शेजारीच दुसऱ्या कोणाचं तरी लोखंडी फाटक कापणं चालू होतं. चकती आळीपाळीने तीच. फाटकाच्या ठिणग्या फुलबाजीसारख्या उडून आमच्या 'अस्सल' पाइपांवर पडत होत्या आणि बाबा खुर्ची टाकून तो सोहळा बघत होते.

पावसाळाभर कठडा झकास राहिला. ऑक्टोबरचं ऊन तापलं आणि एका सकाळी बायकोने मला गच्चीवर बोलावलं. "अहो, कठड्यावर चहाचा कप ठेवू नका म्हणून किती वेळा सांगितलं?" पाइपवर तपकिरी ओघळ उतरले होते. रंग थेट चहाचा, तोही आमच्याकडच्या कमी दुधाच्या. मी वाकून बघितलं तर पाइपच्या खालच्या अंगालाही तेच डाग. माझ्या वेंधळेपणावर घरात सर्वांचा विश्वास आहे, पण चहा खालून वर सांडणं मलाही जमलेलं नाही, हे तिला मान्य करावं लागलं.

त्यानंतर उपायांची लाट आली. कामाच्या मावशींनी पदर खोचला आणि तारेची घासणी घेऊन कठड्याची अशी काही चंपी केली, की दुपारी तो झगझगत होता. पुढच्या आठवड्यात डाग दुप्पट. बहिणीने टूथपेस्ट सुचवली. मामांनी लिंबू आणि मीठ सांगितलं. खाऱ्या वाऱ्याने आजारी पडलेल्याला मिठाचं औषध देणारा आमच्या घराण्यातला हा एकमेव वैद्य. खालच्या मजल्यावरच्या वहिनी संडास धुवायच्या ॲसिडची बाटली घेऊनच वर आल्या. "एकदा फिरवा, जन्मात डाग दिसायचा नाही." त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, म्हणजे स्टेनलेसचा जो खास वैरी क्लोराइड, तोच पाटावर बसवून वाढायचा. ती बाटली मी हात जोडून परत केली. वहिनी अजून नीट बोलत नाहीत.

शेवटी समोरचे अण्णा आले. अण्णांची उभी हयात डेअरीत पाइप जोडण्यात गेली. त्यांनी डागाकडे बघितलंच नाही. डोळे मिटून अंगठ्याचं नख पाइपवरून आडवं ओढलं. खर्र! "हा पाइप आहे की किसणी?" ते म्हणाले. मग खिशातून घड्याळजीचं भिंग काढलं. (एकाच्या खिशात चुंबक, दुसऱ्याच्या खिशात भिंग, आमच्या आळीतले निवृत्त लोक जय्यत तयारीत असतात.) भिंगातून आमचा सोबर मॅट पाइप म्हणजे नांगरलेलं शेत दिसत होता. चरांच्या कडा उचकटून आडव्या झालेल्या, आणि त्यांच्या खाली बारीक लाल ठिपके.

"स्टेनलेस गंजत नाही म्हणून तुला कोणी सांगितलं?" अण्णा कठड्याला टेकून सुरू झाले. "त्यात निदान साडेदहा टक्के क्रोमियम असतं. तीनशे चारमध्ये अठरा. ते हवेतला ऑक्सिजन घेतं आणि अंगावर एक पापुद्रा धरतं. काही नॅनोमीटरचा, दिसतसुद्धा नाही. ओरखडा पडला तर पुन्हा आपोआप धरतो. पण चरात खारं पाणी बसून राहिलं, की तिथे तो फाटतो आणि नीट धरत नाही. तुझ्या बाबांच्या टकलावर पावसाचं पाणी थांबतं का? आणि माझी दाढी बघ, संध्याकाळपर्यंत ओली." बाबांनी नकळत डोक्यावरून हात फिरवला. डेअरीत दुधाच्या पाइपचा आतला खडबडीतपणा ०.८ मायक्रॉनच्या वर चालत नाही, औषधांच्या कारखान्यात तर विजेने पॉलिश करतात, आणि समुद्रकाठी ०.५ च्या आत ठेवावा, असं ते म्हणाले. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. म्हणजे ज्या उंचसखलपणावरून आमच्या घरात महाभारत चाललं होतं, तो केसाच्या जाडीत कित्येकदा मावला असता.

पुरावा डोळ्यांसमोरच होता, आम्ही बघितला नव्हता. खांबांच्या टोकाला शोभेचे गोळे बसवलेत, बाजारातून तयार आणलेले, आरशासारखे. त्यांचा ग्रेड कोणी विचारलाही नव्हता. सगळे निष्कलंक. त्यात तोंड बघून भांग पाडता येईल. आणि लगेच खाली तीनशे चारचा, चुंबकाने पास केलेला पाइप चहाने न्हालेला. आणखी एक गंमत म्हणजे उघड्या गच्चीतला कठडा त्यातल्या त्यात बरा होता. तिथलं मीठ पाऊस धुऊन नेतो. पत्र्याखालच्या, आम्ही 'सुरक्षित' म्हणत होतो त्या भागाचे हाल जास्त. सगळ्यात वाईट अवस्था जिन्याजवळच्या पट्ट्याची. तिथे बाबांनी पाइपवरचा प्लास्टिकचा कागद काढू दिला नव्हता, नवं राहावं म्हणून. आमच्या फ्रिजच्या हँडलवरही तो अजून आहे. कागद सोलला तर आत खारं पाणी मुरलेलं, ऑक्सिजनला वाव नाही, आणि पाइपवर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे.

फॅब्रिकेशनवाला आला आणि म्हणाला, "हवा खारी आहे साहेब." जणू अरबी समुद्र कोटेशननंतर आला. अण्णांनी त्याला वेल्डिंगच्या जोडापाशी नेलं. तिथे निळ्या, सोनेरी, जांभळ्या रंगांची झाक होती. "हा तर शो आहे!" तो म्हणाला. खरं सांगायचं तर मलाही ती आवडली होती. अण्णा उसळले. ती झाक म्हणजे जळकं ऑक्साइड, त्याच्या खालच्या थरातलं क्रोमियम कमी झालेलं, तिथे तो थर काढणारी पिकलिंग पेस्ट लावायलाच हवी होती. ग्राइंडरच्या चकतीचाही विषय निघाला. लोखंडाचे कण पाइपमध्ये रुतले, की आधी ते गंजतात आणि मग पाइपला नादी लावतात. मावशींच्या घासणीनेही तेच केलं होतं. फॅब्रिकेशनवाल्याने सगळं ऐकून घेतलं आणि मॉलिब्डेनम घातलेलं ३१६ बसवू का, असं विचारलं. "तेही तू याच चकतीने घासणार ना?" अण्णांनी विचारलं. यावर त्याला तातडीचा फोन आला.

अखेर काम झालं ते अण्णांच्या देखरेखीखाली. हातमोजे घालून जोडांना पेस्ट, मग भरपूर पाणी, मग कोऱ्या चकत्या, बारीक, त्याहून बारीक, शेवटी बफ. पाइपपेक्षा घासकामाचं बिल जास्त झालं. त्याबद्दल मी काही बोलत नाही, बायको पुरेसं बोलते.

आता पथ्य एवढंच, की पाऊस नसेल त्या महिन्यांत कठडा अधूनमधून गोड्या पाण्याने आणि साबणाने धुवायचा, मऊ फडक्याने. मावशींना हे काम म्हणून पटत नाही. "घासायचं नाही तर मग करायचं काय, भाऊ?" म्हणून हे खातं माझ्याकडे आलं आहे. अडचण अशी, की पाऊस नसण्याच्या दिवसांतच आमच्या आळीच्या नळालाही पाणी नसतं. मे महिन्यात बादल्यांचा हिशेब बायकोकडे असतो. परवा सकाळी तिने शेवटची भरलेली बादली मोरीच्या दारात ठेवली आणि विचारलं, "आज तुमची आंघोळ, की कठड्याची?" बाबा म्हणाले, पैसे कठड्यावर जास्त खर्च झालेत. मी पावडर लावून ऑफिस गाठलं.