‘हा तर गिऱ्हाइकावर पाळत ठेवायचा प्रकार’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

‘तुझ्या काकांच्या वयाचा आहे’ असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून हक्काने काका म्हणते. तुमची प्रतिक्रिया कळकळीने लिहिलेली आहे, तिला दोन ओळींत उरकावंसं वाटलं नाही.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लक्ष्मी रस्त्यावर साड्या आणि ब्लाउजपीसचं दुकान असलेल्या या वाचकांनी माझ्या पर्सनलायझेशनवरच्या, म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकाची आवड लक्षात ठेवून त्याप्रमाणे विकण्यावरच्या, लेखावर तीन आक्षेप घेतलेत. एक, ही गिऱ्हाइकावर पाळत आहे. दोन, ज्याला जे हवं ते करून देत बसलं तर छोटा दुकानदार बुडेल. तीन, हे अ‍ॅमेझॉन-नेटफ्लिक्सचे उद्योग, आपण त्यात पैसे घालू नयेत. आणि मुलगा दरमहा पैसे भरायचं एक सॉफ्टवेअर घ्यायचं म्हणतोय, त्याला काय सांगू, असंही विचारलंय.

तिसऱ्या मुद्द्यावर आपलं बरंचसं एकमत आहे. नेटफ्लिक्सने २००६ मध्ये स्पर्धा जाहीर केली होती : कुठल्या प्रेक्षकाला कुठला सिनेमा किती आवडेल याचा आमचा अंदाज १० टक्क्यांनी सुधारून द्या आणि १० लाख डॉलर घेऊन जा. २००९ मध्ये बक्षीस दिलं गेलं, पण जिंकलेली पद्धत कंपनीने पूर्णपणे वापरात आणलीच नाही. अचूकता जेवढी वाढत होती, तेवढ्यासाठी ती बसवण्याचा खटाटोप परवडणारा नव्हता, असं त्यांनीच पुढे सांगितलं. असल्या गणिताला प्रचंड प्रमाणावर खरेदीच्या नोंदी लागतात. आपल्याकडे गिऱ्हाइकं असतात चारपाचशे, आणि त्यांना काय हवंय ते त्यांनीच आपल्याला सांगितलेलं असतं. तेवढं नीट लक्षात ठेवणं, यापलीकडे मी छोट्या दुकानदाराला काही करायला सांगत नाही.

दुसऱ्या आक्षेपावर मात्र माझं मत उलट आहे. माझी एक मैत्रीण कोथरूडमधून खणाचे ब्लाउज ऑनलाइन विकते. खण गुळेदगुड्डचा, शिवणारे मास्तर धनकवडीत. आधी ती तयार मापांचा माल ठेवायची. गळ्याचे ४ प्रकार, बाहीचे ३, अस्तर हवं किंवा नको, म्हणजे झाले २४. त्यात ६ मापं धरली की १४४, आणि तेही एकाच रंगात! इतका माल कोण भरून ठेवणार? मागणी असलेलं माप संपलेलं असायचं आणि नको ते कपाटात पडून राहायचं. आता गिऱ्हाईक आधी निवडतं, पैसे भरतं, मग खणाला कात्री लागते. प्रकार तेच २४, पण पडून राहणारा माल जवळजवळ नाही.

हे जमलं, कारण तिने निवडीला कुंपण घातलं. ‘या फोटोतल्यासारखाच शिवून द्या’ अशी ऑर्डर ती घेतच नाही. लटकन, पायपिंग यांचे पैसे वेगळे. मापाने शिवलेला ब्लाउज परत घेतला जाणार नाही, हे पैसे भरायच्या आधी मराठीत ठळक लिहिलेलं असतं. पण मास्तर आत माया, म्हणजे शिवणीतलं जादा कापड, जास्त ठेवतात आणि एकदा उसवून दुरुस्ती फुकट मिळते. माप घेताना ती इंच विचारत नाही. नीट बसणारा जुना ब्लाउज जमिनीवर पसरून, टेप लावून चार फोटो पाठवा, असं सांगते. अंगावरचं माप स्वतःचं स्वतः घेताना चुकतंच, आणि ऑनलाइन शिलाईत निम्मी भांडणं तिथूनच सुरू होतात.

पुढच्या वेळी त्याच बाई आल्या की ती विचारते, ‘मागचंच माप ठेवू का? बाही अर्धा इंच वाढवून घेतली होतीत, ती तशीच?’ लोक परत येतात ते या प्रश्नामुळे. ‘प्रिय अमुकअमुक’ असा मेसेज आला की तुम्ही न वाचता उडवता, मीही उडवते. नाव घालणं मशीनला जमतं, त्याला कुणी किंमत देत नाही. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर लेबलं, म्हणजे गिऱ्हाइकाच्या नावाला लावायच्या खुणा, असतात. मंगळागौरीला कुणी चौकशी केली होती, मरून रंग कुणी मागितला होता, एवढं लावून ठेवलं की नवा मरून खण आला की फक्त त्यांनाच कळवायचं. साधा ब्रॉडकास्ट, म्हणजे एकच मेसेज एकदम अनेकांना पाठवणं, तसाही ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. सगळ्यांना सगळं पाठवत राहिलं की लोक ब्लॉक करतात.

आता पाळतीचं. हा तुमचा आक्षेप मला सगळ्यात मोलाचा वाटला. गिऱ्हाईक बाईने आपल्याला जे सांगितलं आणि आपल्याकडून जे घेतलं, तेवढंच वापरायचं. ती बाहेर काय बघते, कुठे फिरते, त्यामागे लागायचं नाही. आणि सांगितलेलं असलं तरी ते ज्या कामासाठी सांगितलं त्यापुरतंच. कुणी बाळंतविड्यासाठी खणाची कुंची मागवली, म्हणून सहा महिन्यांनी ‘आता उष्टावणाचा ड्रेस घ्या’ असा मेसेज पाठवणं मला अजिबात पटत नाही. मधल्या काळात त्या घरात काय झालं असेल हे आपल्याला माहीत नसतं.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही हेच म्हणतो : संमती ठरावीक कारणासाठी हवी, आणि ती देणं जितकं सोपं तितकंच काढून घेणंही सोपं हवं. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होतायत. पण कायद्याची वाट न बघता एक गोष्ट आजच करता येते. बायकांची मापं आणि फोन नंबर एकाच यादीत घालून ती यादी शिलाईवाल्यांच्या ग्रुपवर टाकणारे विक्रेते मी पाहिलेत. हे फार वाईट आहे. माझ्या मैत्रिणीच्या मास्तरांकडे फक्त ऑर्डर नंबर आणि माप जातं. नाव, फोन, पत्ता जात नाही.

राहिला मुलाचा प्रश्न. सॉफ्टवेअर आत्ता नको. नेहमीच्या बायकांना काय दाखवायचं ते तुम्हाला विचारावं लागत नाही, असं तुम्ही लिहिलंय. पण ते सगळं तुमच्या डोक्यात आहे, मुलाकडे नाही. दुपारी दुकान शांत असतं तेव्हा त्याला शेजारी बसवा आणि एका शीटमध्ये लिहून घेऊ द्या : काय घेतलं, कशासाठी घेतलं, काय नको म्हणाल्या, आणि नवा माल आला की कळवलेलं चालेल का. शेवटचा रकाना त्यांना विचारूनच भरायचा. गणपतीपासून दिवाळीपर्यंत एवढंच करा आणि दुसऱ्यांदा किती जणी आल्या ते मोजा. शीट हाताने सांभाळणं अवघड जायला लागलं की मग सॉफ्टवेअर बघा. घेण्याआधी विक्रेत्याला विचारा, उद्या बंद करायचं ठरवलं तर गिऱ्हाइकांची अख्खी यादी एक्सेलमध्ये परत मिळेल का. स्पष्ट हो म्हणाला नाही, तर घेऊ नका.