‘दोन पेग आणि जुने मित्र पुरतात’: एका सुभेदारांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सुभेदारसाहेब, जय हिंद.

नोकरीत आपल्या हातून घडलेलं किंवा डोळ्यांदेखत झालेलं चुकीचं मनाला टोचत राहतं, त्या जवानांच्या ‘नैतिक जखमे’वरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही तीन गोष्टी लिहिल्यात. हे अमेरिकेतलं फॅड आहे. मनाच्या डॉक्टरकडे गेलेल्याची मेडिकल कॅटेगरी, म्हणजे वैद्यकीय श्रेणी, उतरते आणि नोकरीचं वाटोळं होतं. आणि दोन पेग नि जुने मित्र एवढं औषध पुरतं. दुसऱ्या मुद्द्यात तुमचं बरंच खरं आहे, म्हणून आधी तोच घेतो.

लष्करात ही श्रेणी ‘शेप’ या पाच अक्षरांनी ठरते; त्यातला ‘एस’ म्हणजे मानसिक स्थिती. आरएमओने, म्हणजे पलटणीच्या डॉक्टरने, मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवलं की कमांडिंग ऑफिसरचा अहवालही मागवतात, त्यामुळे युनिटला कळतंच. निदान झालं तर बहुधा तात्पुरती खालची श्रेणी मिळते, साधारण २४ आठवड्यांची, मग पुन्हा मेडिकल बोर्डाकडून तपासणी. तोवर हत्यार हाती देत नाहीत, एकट्याच्या पोस्टवर ठेवत नाहीत. बढतीच्या वेळी श्रेणी बघतात. लेखात हे मी दोन ओळींत उरकलं, ती माझी चूक. पण ‘तात्पुरती’ हा शब्द तुमच्याकडूनही राहिला.

गप्प राहण्याचा खरा फटका बसतो तो नोकरी संपवून घरी येताना, रिलीज मेडिकल बोर्डाच्या शेवटच्या तपासणीत. ‘कोई तकलीफ?’ ‘नहीं साब.’ घरची ओढ लागलेली, गावात मिरवणुकीची जीप ठरलेली, कोण कशाला अडकून राहील? चार वर्षांनी झोप पार उडाल्यावर अपंगत्व पेन्शनचा अर्ज करतात, तेव्हा कागद कोरा असतो. भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार सेवेत उद्भवून त्यापायी नोकरी सुटली तर तो सेवेमुळेच झाला असं धरून चालावं, संशयाचा फायदा जवानाला द्यावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सांगितलं. पण आजार सेवेतच नोंदलेला असला तर ही बाजू भक्कम. म्हणून बोर्डापुढे झोप, दचकणं, दारू, जे असेल ते तारखांसकट लिहून द्यावं. सप्टेंबर २०२३ पासून पात्रतेचे नियम बदललेत. त्यानंतर घरी आलेल्यांनी जळगाव-धुळ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारूनच अर्ज भरावा.

आता फॅडबद्दल. ‘नैतिक जखम’ हे नाव तिकडचंच. जोनाथन शे या मनोविकारतज्ज्ञाने व्हिएतनामच्या सैनिकांवर काम करताना ते १९९४ मध्ये रुजवलं. त्याचा भर वरिष्ठांनी केलेल्या विश्वासघातावर होता. ब्रेट लिट्झ आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये त्यात स्वतःच्या हातून घडलेलं, रोखता न आलेलं आणि डोळ्यांदेखत झालेलं, हेही आणलं. पण दुखणं आपल्याकडे जुनंच आहे. आपण सारखा अर्जुनाचा दाखला देतो, तो युद्धाआधीचा. युद्ध जिंकल्यावर ‘मला हे राज्य नको’ म्हणत बसलेला युधिष्ठिर मात्र कुणाला आठवत नाही.

भीतीच्या जखमेत माणूस फटाक्याला दचकतो. या जखमेत तो हाराला दचकतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुट्टीवर आला की चौकात सत्कार होतो, आणि ज्या रात्रीबद्दल स्वतःची शिसारी वाटते त्याच नोकरीबद्दल टाळ्या पडतात. घरचे मायेने म्हणतात, ‘त्यामां तुना काय दोष?’ तिथेच बोलणं संपतं. त्याऐवजी ‘मंग पुढे काय झालं?’ एवढंच विचारा आणि थांबा.

चांगला समुपदेशकही लगेच दोषमुक्त करत नाही. उदाहरण घ्या, रात्रीच्या नाक्यावर गाडी थांबली नाही, गोळी चालली, आत साधं कुटुंब निघालं. कागदावर एक वर्तुळ काढायला लावतात. हुकूम, चुकीची खबर, अंधार, न थांबलेला चालक, हाती असलेले चार सेकंद, एकेकाला वाटा द्यायचा. स्वतःचा वाटा सगळ्यात शेवटी. आधी स्वतःचा काढला की माणूस शंभर टक्के लिहून मोकळा होतो, हे हमखास घडतं. नंतर कळलेल्या गोष्टी त्या चार सेकंदांत माहीत होत्या का, हे तपासतात. उरलेल्या वाट्याचं काय करायचं, भरपाई म्हणून कुणासाठी काय करता येईल, हे त्यानंतर. यात ठिकाण, युनिट, मोहिमेचं नाव सांगावं लागत नाही. रात्र, रस्ता, गाडी एवढं पुरतं. सरट्रालीनसारखी गोळी उदासीवर, दचकण्यावर चालते, तीही चार ते सहा आठवड्यांनी. अपराधाच्या टोचणीवर गोळी नाही. तिथे तुमचं म्हणणं अर्धं मान्य: हे काम एकट्या डॉक्टरचं नाही, पलटणीतले धर्मशिक्षकही त्यात उपयोगी पडतात.

पेगचं गणित मात्र उलटं आहे. रमने झोप लवकर लागते, पण दारूचा अंमल उतरतो तशी उत्तररात्रीची झोप तुटते, आणि दबलेली स्वप्नं तेव्हाच उसळून येतात. दोनाचे चार होतात ते त्यामुळे. त्यावर झोपेची गोळी घेतली तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो.

सेवेत असलेल्यांसाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, दिवसरात्र, फुकट, मराठीतही. सैन्यदलांसाठी त्याचा वेगळा कक्ष डिसेंबर २०२३ पासून पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात, आहे. श्रेणी मेडिकल बोर्ड ठरवतं, फोन नाही. माजी सैनिकाने ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमधून रेफरल घ्यावं; ते न घेता खाजगीत गेलं की इमर्जन्सी सोडून बिल अडकू शकतं. सीआरपीएफ, बीएसएफवाल्यांना ईसीएचएसचा रस्ता नाही. त्यांच्यासह कुणालाही जळगाव किंवा धुळ्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाची मनोविकार ओपीडी उघडी आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तिथे गोपनीयता बांधील आहे, जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश असे काही अपवाद सोडून.

तुमची मित्रमंडळी मोडू नका, साहेब. त्यांच्यातला कुणी अलीकडे फार गप्प असेल, तर ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचारा; विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही. आणि तो बँकेवर गार्ड असेल, घरी परवान्याची बारा बोर असेल, तर त्याला सोबत घेऊन बंदूक आणि काडतुसं काही दिवस पोलीस ठाण्यात जमा करा, पावती घ्या.