कालवांची पिल्लं आणि ‘घबराट’: एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यात समुद्राच्या आम्लीकरणामुळे कालवांची (ऑयस्टरची) पिल्लं मेली, या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत, “मॅडम, समुद्राचा सामू (pH) ८.१ आहे, म्हणजे पाणी अल्कधर्मीच. त्याला आम्लीकरण म्हणणं म्हणजे निव्वळ घबराट. शाळेतलं रसायनशास्त्र पुन्हा एकदा वाचा.” शिवाय पिल्लं जिवाणूंनी मेली आणि शिंपले कोट्यवधी वर्षं टिकून आहेत, असंही.

आधी माझी चूक. एका फोटोखाली ‘आम्ल झालेला समुद्र’ असं लिहिलं गेलं होतं. ते चुकीचंच होतं, आज दुरुस्त केलं.

आता ‘पुन्हा वाचा’ याबद्दल. मी २२ वर्षं अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवलं. सामूचं मापन मुलांच्या डोक्यात उतरवताना घसा बसलेला आहे. शंका विचारणाऱ्या मुलाला मी कधी गप्प केलं नाही, पण उत्तर ऐकण्याआधीच समोरच्याला अडाणी ठरवायची रीत वर्गात चालत नसे. इथे का चालावी? आपण शंका विचारलेली नाही, निकाल दिला आहे, आणि तोही नाव न लावता.

चुलीवरून उतरवलेलं दूध निवतंय असं आपण म्हणतो, तेव्हा ते गार झालेलं नसतं. शब्द दिशा सांगतो. औद्योगिक काळाच्या आधी समुद्राच्या वरच्या थराचा सामू साधारण ८.२ होता, आता ८.१. हा ०.१ आपल्याला किरकोळ वाटला. पण सामूचं माप लॉगरिदमचं आहे, म्हणजे एका अंकाचा फरक दहापट असतो. ०.१ ने घट म्हणजे हायड्रोजन आयन सुमारे २६ टक्क्यांनी वाढले. कार्बन डायऑक्साइड विरघळला की हे आयन पाण्यातल्या कार्बोनेटला धरतात आणि त्याचं बायकार्बोनेट होतं. कालवाच्या पिल्लाला कवचासाठी हवं असतं ते कार्बोनेट कमी पडतं. पाणी ७ च्या खाली जाऊन आम्ल झालं की नाही, याच्याशी पिल्लाला काही देणंघेणं नाही.

हे पिल्लू डोळ्यांना दिसतही नाही. अंडं फळल्यावर पहिल्या दोनेक दिवसांत ते आपलं पहिलं कवच बांधतं, आणि त्या वेळी त्याला धड खाताही येत नसतं. अंड्यातून आलेली शिदोरी तेवढीच. कार्बोनेट कमी असलं की कवच बांधण्यातच ती सरते. म्हणून ‘पिल्लं विरघळली’ असं मी कुठेही लिहिलेलं नाही. ती दमून मरतात. लेख शेवटपर्यंत वाचला असतात तर हे दिसलं असतं.

जिवाणूंचं म्हणाल तर, ऑरेगॉनमधल्या नेटार्ट्स खाडीवर व्हिस्की क्रीक या कालवांची पिल्लं (बीज) तयार करणाऱ्या केंद्रात २००७-०८ साली पिल्लं पटापट मरू लागली तेव्हा पहिला संशय जिवाणूंवरच होता. त्यांचा बंदोबस्त करूनही मर थांबली नाही. मग लक्षात आलं की वारा वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलतो, खालचं थंड, कार्बन डायऑक्साइडने भरलेलं पाणी वर येतं, आणि तेच केंद्रात घेतलं की पिल्लं जगत नाहीत. पाण्यात सोडियम कार्बोनेट, म्हणजे आपला धुण्याचा सोडा, मिसळायला लागल्यावर उत्पादन सावरलं. धुण्याच्या सोड्याने जिवाणूंची साथ आटोक्यात येत असेल तर मलाही सांगा. ऑरेगॉन स्टेट विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांसह केलेला हा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला आहे.

कोट्यवधी वर्षांच्या मुद्द्यात मी शिरत नाही. तेव्हाचे बदल किती सावकाश झाले ते आपणच बघा.

राहिली घबराट. माझं बालपण रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठी गेलं. आई ओहोटीला खडपात कालवं काढायला जायची आणि तळपाय कापून घेऊन परत यायची. कालवावर घर चालणं म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. कोकणातली कालवं यामुळे मरताहेत असं मी म्हटलेलं नाही, आजही म्हणत नाही. ऑरेगॉनमध्ये बीज मिळेना म्हणून ज्यांची झोप उडाली, ती माणसं माझ्या आईसारखीच पाण्यावर पोट असलेली होती. त्यांच्याबद्दल लिहिलं की घबराट पसरते, हे मला मान्य नाही.

आपली प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुढच्या वेळी नाव घालून लिहा. मीही माझ्या नावानेच लिहिते.