थायरॉइडचा रिपोर्ट नॉर्मल आला, म्हणून डोळे सुटले असे नाही

थायरॉइडवर धन्याचे पाणी सुचवणारा एक लांबलचक संदेश सध्या व्हॉट्सअ‍ॅपच्या कौटुंबिक गटांमधून फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: थायरॉइडचा कोणताही प्रकार असो, रोज रिकाम्या पोटी धन्याचे पाणी प्यायल्याने आणि आयोडीनच्या मिठाऐवजी सैंधव वापरल्याने तो 21 दिवसांत मुळापासून जातो, डोळे बाहेर येणे हे अंगातील उष्णतेचे लक्षण असून रिपोर्ट नॉर्मल झाला की ते आपोआप आत जातात, थायरॉइडचे हार्मोन कमी करणाऱ्या कार्बिमाझोलच्या गोळ्या रक्त बिघडवतात म्हणून सोडाव्यात, जास्त काम करणारी ग्रंथी निकामी करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या किरणोत्सर्गी आयोडीनने डोळे जातात, सर्वांगासन करावे आणि सेलेनियम हे खनिज घ्यावे. ग्रेव्हजचा आजार, म्हणजे थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त हार्मोन बनवते तो आजार, असलेल्या माझ्या वहिनींनी हा संदेश वाचून कोणालाही न सांगता गोळ्या बंद केल्या, आणि छातीत धडधड सुरू होऊन हात थरथरू लागले तेव्हा कुठे ते घरात कळले. या संदेशाकडे करमणूक म्हणून पाहण्याइतकी सहनशक्ती त्यानंतर माझ्याकडे उरलेली नाही.

पहिला दावा साध्या तर्कापुढेही टिकत नाही. हाशिमोटोच्या आजारात शरीराचीच प्रतिकारयंत्रणा थायरॉइड ग्रंथीचा हळूहळू नाश करते, हार्मोन कमी पडते, वजन वाढते, थकवा येतो आणि थंडी सोसत नाही. ग्रेव्हजमध्ये प्रतिपिंडे (अँटीबॉडी) त्याच ग्रंथीच्या टीएसएच रिसेप्टरला, म्हणजे ग्रंथीला कामाला लावणारा टीएसएच हा हार्मोन जेथे चिकटतो त्या जागेला, चिकटून तिला अखंड कामाला लावतात. हार्मोन उतू जाते, भूक असूनही वजन घटते, उकाडा सहन होत नाही, हाडे ठिसूळ होतात आणि हृदयाची लय बिघडू शकते. एका आजारात बाहेरून हार्मोन द्यावे लागते, तर दुसऱ्यात ते रोखावे लागते. दोन्ही टोकांना एकाच पेल्यातून उतारा मिळतो असे म्हणणाऱ्याने निदान हा फरक तरी वाचायला हवा होता. सैंधवाबद्दल एवढेच पुरे की रोजच्या मिठातले आयोडीन बंद केल्याने ही प्रतिपिंडे नाहीशी होत नाहीत.

सर्वांत घातक दावा डोळ्यांचा आहे, कारण तो ऐकायला पटतो. ग्रेव्हजमध्ये डोळे पुढे येतात ते वाढलेल्या हार्मोनच्या उष्णतेने नव्हे. डोळ्यामागच्या चरबीतील आणि स्नायूंभोवतीच्या पेशींवरही टीएसएच रिसेप्टर असतात. प्रतिकारयंत्रणा तेथे हल्ला करते, पेशी पाणी धरून ठेवणारे हायलुरोनिक आम्ल मोठ्या प्रमाणात तयार करतात, आणि डोळा फिरवणारे स्नायू व चरबी सुजतात. डोळ्याची खोबण सर्व बाजूंनी हाडाची असून फक्त पुढून उघडी असल्याने ही सूज डोळ्याला पुढे ढकलते. वरची पापणी मागे ओढली जाते, बुबुळाच्या वर पांढरा भाग दिसू लागतो, झोपेत डोळे पूर्ण मिटत नाहीत, स्नायू ताठरल्यामुळे एकाच्या दोन वस्तू दिसतात. खोबणीच्या मागच्या अरुंद टोकाशी सुजलेले स्नायू दृष्टिचेतेला (डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेला) दाबू लागले, तर नजर कायमची जाऊ शकते. विशेष म्हणजे असा दाब असताना डोळे फार पुढे आलेले असतीलच असे नाही.

म्हणून रक्ताचा रिपोर्ट आणि डोळ्यांचा आजार हे एकाच वेळापत्रकाने चालत नाहीत. काहींचे डोळे थायरॉइडचा आजार उघड होण्याआधीच सुजतात, काहींचे हार्मोन नियंत्रणात आल्यानंतर, आणि थोड्या रुग्णांत तर थायरॉइडची पातळी मुळात बिघडलेलीच नसते. या संदेशात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो: हार्मोन वाढलेले राहिले किंवा उपचारांनी ते फार खाली गेले तरी डोळे बिघडतात, त्यामुळे पातळी योग्य राखणे आवश्यकच आहे. पण तेवढ्यावर विसंबून नेत्रतज्ज्ञाकडे जायचे टाळले, तर सुजेचा सक्रिय काळ निघून जातो, आणि स्टेरॉइडसारखी औषधे प्रामुख्याने त्याच काळात उपयोगी पडतात. त्यानंतर उरलेल्या व्यंगासाठी बहुधा शस्त्रक्रियाच हाती राहते. लाल रंग एका डोळ्याला फिका दिसू लागणे, नजर अंधुक होणे, किंवा डोळा मिटत नसून तो दुखणे, यांपैकी काहीही आढळल्यास पुढच्या तपासणीची तारीख येईपर्यंत थांबू नये. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला गाठावे.

गोळ्या आणि किरणोत्सर्गी आयोडीन यांच्याबद्दलचे दोन दावे एकत्र पाहणे भाग आहे, कारण एकच अभ्यास दोघांनाही उत्तर देतो. इटलीत झालेली आणि 1998 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झालेली ही चाचणी 443 रुग्णांवर होती, आणि त्यांच्या डोळ्यांचा आजार मुळात सौम्य होता किंवा नव्हताच. केवळ किरणोत्सर्गी आयोडीन दिलेल्यांपैकी सुमारे 15 टक्के रुग्णांमध्ये डोळ्यांचा त्रास नव्याने उद्भवला किंवा वाढला, म्हणजे संदेशातील भीती अगदीच हवेतली नाही. मात्र त्यांतील बहुतेकांचा त्रास तात्पुरता ठरला, आणि ज्यांना सोबत प्रेडनिसोलोनच्या जातीचे स्टेरॉइड दिले त्यांच्यापैकी एकाचाही आजार वाढला नाही. तिसऱ्या गटाला मेथिमाझोल दिले होते आणि त्यात बिघाडाचे प्रमाण 3 टक्क्यांच्या आसपास होते. कार्बिमाझोलचे शरीरात मेथिमाझोलच होते. डोळ्यांच्या काळजीपोटी संदेश लिहिणाऱ्याने नेमकी तीच गोळी फेकून द्यायला सांगितली आहे.

या गोळीने क्वचित रक्तातील पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटतात, हे खरे आहे. म्हणूनच ती घेताना ताप आला किंवा घसा दुखू लागला, तर गोळी थांबवून लगेच रक्ततपासणी करून घ्यायला सांगितलेले असते. ही सूचना विशिष्ट प्रसंगासाठी आहे. धडधाकट वाटत असताना डॉक्टरांना न विचारता औषध सोडण्याची मुभा तिच्यातून काढता येत नाही. अनियंत्रित थायरॉइडचा एकाएकी उसळलेला झटका जीवावर बेतू शकतो.

सेलेनियमचा मुद्दा पूर्ण खोटा नाही. 2011 साली युरोपातील 159 रुग्णांच्या चाचणीत सौम्य नेत्रविकारावर, दिवसातून दोनदा 100 मायक्रोग्रॅम असे सहा महिने घेतल्यास फायदा दिसला. सौम्य, ठरावीक मात्रा आणि ठरावीक काळ हे शब्द गाळले की सल्ल्यात धोकाच उरतो, कारण जास्त सेलेनियमने केस गळतात आणि नखे ठिसूळ होतात. सर्वांगासनाबद्दल तर आश्चर्यच वाटते: डोके खाली नेल्याने डोळ्यांतील दाब वाढतो, आणि पापण्यांची सूज असलेल्या रुग्णाला उशी उंच करून झोपायला सांगितले जाते.

एवढ्या मोठ्या संदेशात धूम्रपानाचा एका शब्दानेही उल्लेख नाही. ग्रेव्हजच्या रुग्णांत डोळ्यांचा आजार होण्याचा आणि तो बळावण्याचा धोका वाढवणाऱ्या, पण रुग्णाला स्वतः टाळता येणाऱ्या कारणांत सिगारेट-बिडीचा क्रमांक सर्वांत वरचा आहे, आणि ओढणाऱ्यांमध्ये उपचारांचा परिणामही कमी दिसतो.