जीप रुतते तिथे जमलंय
शेक्सपिअरच्या नाटकावरचा रिचर्ड लॉन्क्रेनचा १९९५ चा ‘रिचर्ड तिसरा’ हा चित्रपट म्हणजे नुसती वेशभूषेची चलाखी, हे तुमच्या लेखातलं मत काही पटलं नाही. १९३० च्या दशकातलं काल्पनिक फॅसिस्ट इंग्लंड उभं केल्यामुळेच हा राजा अंगावर येतो. सुरुवातीचं स्वगतच बघा ना! अर्धं भर मेजवानीत, माइकवरून, जाहीर भाषण म्हणून. उरलेलं मुतारीत, एकट्यानं. मग आरशातून रिचर्ड झालेला इयन मॅकेलन थेट आपल्याकडे बघतो आणि आपण त्याच्या कटात सामील! ‘एका घोड्यासाठी माझं राज्य देतो’ हा नाटकातला प्रसिद्ध आक्रोशही जीपची चाकं रुतल्यावर येतो, म्हणून रणगाड्यांच्या गदारोळात खटकत नाही. शेवटी वाजणारं जुन्या अमेरिकी गायकाचं, अल जॉल्सनचं, गाणं मात्र जरा अतीच झालं, बुवा. रिचर्डची आई झालेल्या मॅगी स्मिथला आणखी प्रसंग हवे होते.