रात्री दीड वाजताचा मेसेज

सकाळपासून डोकं फिरलंय. दुपारपर्यंत शांत होऊ आणि मग लिहू असं ठरवलं होतं, पण शांत काही होत नाहीये, त्यामुळे आत्ताच लिहितोय. पोस्ट फक्त फ्रेंड्सना दिसेल अशी ठेवलीये आणि बायकोला विचारून टाकतोय, हे आधीच सांगतो.

काल रात्री दीड वाजता एका जुन्या ग्रुपवर एका मित्राचा मेसेज आला. चारच ओळी. पॉर्नचं व्यसन लागलंय, सगळं करून बघितलं तरी सुटत नाहीये, घर मोडायची वेळ आलीये, कोणी यातून गेलं असेल तर प्लीज बोला. कदाचित चुकून त्या ग्रुपवर गेला असेल, कदाचित नसेलही, रात्री दीडला बुडणारा माणूस हाताला लागेल ते धरतो. सकाळी सहाला त्याने तो डिलीट केला, पण तोवर एका शहाण्याने स्क्रीनशॉट काढून ठेवला होता आणि साडेसातपर्यंत त्याचं स्टिकर झालं. स्टिकर! त्याच्या डीपीसकट. मग काय, एकामागोमाग एक हसणारे चेहरे, लिंक पाठव ना भावा, आम्हाला पण लाव की असलं व्यसन. चाळिशी ओलांडलेली माणसं आहेत ही, पोरंबाळं असलेली.

आणि त्यात एकाने अगदी गंभीर होऊन लिहिलं, अरे मनात आणलं तर एका दिवसात सुटतं, इच्छाशक्ती पाहिजे माणसात. खरं सांगतो, स्टिकरपेक्षा मला या वाक्याचा जास्त राग आला. तो का आला हे सांगायचं तर मला माझं सांगावं लागणार.

सात वर्षं झाली. मुलगी तेव्हा चार वर्षांची. रविवारची दुपार, मी बाथरूममध्ये, कडी लावून, नळ सोडून, हातात फोन. नळ अशासाठी की बाहेर वाटावं आंघोळ चाललीये. तिने दार वाजवलं. बाबा, मी चित्र काढलंय, बघ ना. म्हटलं आलोच. थोड्या वेळाने परत टकटक, बाबा झालं का? आलोच गं. मग दाराखालच्या फटीतून कागद आत आला. अर्धाच आला, आणि फरशीवरच्या पाण्याने कडेकडेने भिजायला लागला. मला दिसत होतं तो भिजताना. मी त्याच्याकडे बघितलं आणि परत फोनकडे बघितलं. पाऊण तासाने दार उघडलं तर ती दाराला टेकून झोपली होती, दार आत उघडलं तशी ती तशीच्या तशी माझ्या पायावर कलंडली.

तिला उचलून गादीवर ठेवलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि शपथ घेतली. संपलं, परत कधीच नाही. रात्री दोन वाजता मी परत फोन घेऊन बसलो होतो.

आता बोला इच्छाशक्तीबद्दल. स्वतःच्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतलेल्या माणसाकडे इच्छा नव्हती असं म्हणायचंय का? मी सिगारेट एका झटक्यात सोडलीये, परत हात लावला नाही. इच्छाशक्ती होती माझ्याकडे, भरपूर होती. ती दर वेळी दोन-चार दिवस पुरायची आणि मग तिच्यासकट मी खड्ड्यात.

लोकांना वाटतं की हा माणूस मजा मारतोय आणि सोडवत नाही म्हणून रडतोय. मजा सुरुवातीला होती, शेवटी शेवटी तिचा पत्ता नव्हता. बघण्यापेक्षा शोधण्यातच वेळ जायचा. वीस-वीस टॅब उघडलेले, हा नको, पुढचा, त्याच्या पुढचा, आणि समोर आलं की लगेच नजर दुसरीकडे. मेंदूत डोपामिन नावाचं जे रसायन म्हणतात ना, ते मिळाल्याच्या आनंदापेक्षा 'आता मिळणार' या ओढीशी जास्त जोडलेलं असतं, हे मला फार नंतर कळलं. म्हणून तर हावरेपणा वाढत जातो आणि समाधान कमी कमी होत जातं. कोणाचं बघण्यावर थांबतं, कोणी रात्र रात्र अनोळखी लोकांशी चॅट करत बसतो, कोणी त्याच्याही पुढे जाऊन पैसे आणि संसार दोन्ही घालवून बसतो. आत चाललेलं असतं ते एकच, थांबायचंय आणि थांबता येत नाहीये.

आणि 'लाज वाटायला पाहिजे' म्हणणाऱ्यांनो, अरे वाटतच होती! इतकी वाटायची की सहन व्हायची नाही, आणि सहन न होणारं काहीही विसरायचा मला माहीत असलेला रस्ता एकच होता, तोच, कडी लावायची आणि नळ सोडायचा. लाजेतून फोन आणि फोनमधून लाज, हे चक्र मी अकरा वर्षं फिरवलं. आज सकाळी त्या ग्रुपने माझ्या मित्राच्या चक्रात आणखी तेल ओतलं. काल रात्री दार किलकिलं करून त्याने बाहेर बघितलं होतं, तेवढ्यात याच लोकांनी ते त्याच्या तोंडावर आपटलं. आता तो परत कधी, कोणाला सांगेल?

हो, याला 'व्यसन' म्हणायचं की नाही यावर डॉक्टरांमध्येच वाद आहे, मान्य. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, म्हणजे आयसीडी-११ मध्ये, जी २०२२ पासून लागू झाली, त्यात 'कंपल्सिव्ह सेक्शुअल बिहेवियर डिसऑर्डर' आहे, पण तो व्यसनांच्या गटात नाही, आवेग न आवरता येण्याच्या आजारांच्या गटात आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी तर २०१३ च्या त्यांच्या पुस्तकात याला जागाच दिली नाही. ठीक आहे, घाला वाद. त्या यादीत काय लिहिलंय ते मात्र मी पंचवीस वेळा वाचलंय. साधारण सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ आवर घालता येत नाही, तब्येत, काम, माणसं सगळं मागे पडतं, थांबायचे प्रयत्न वारंवार फसतात, नुकसान होत असतानाही आणि सुख मिळत नसतानाही चालूच राहतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ऑफिसात होतो, उठून जिन्यात जाऊन उभा राहिलो. माझ्यासारखे इतके आहेत की त्याला नाव द्यावं लागलं, एवढंच डोक्यात येत होतं.

त्या यादीतच आणखी एक गोष्ट आहे, ती बऱ्याच जणांच्या उपयोगाची आहे. केवळ 'हे पाप आहे' असं वाटून त्रास होतोय, एवढ्यावर हे निदान करायचं नाही. म्हणजे कधीतरी बघणारा प्रत्येक जण आजारी नाही, हस्तमैथुन म्हणजे रोग नाही, ज्याचं आयुष्य सुरळीत चाललंय त्याने उगाच घाबरून जाऊ नये. तरुण पोरांना घाबरवून सोडणाऱ्या व्हिडिओवाल्यांनी हे वाचावं, पण ते कशाला वाचतील.

आणि हो, काही जण 'मला आजार आहे' ही ढाल करून बायकोला फसवत राहतात, तेही खरंय. भेटलेत मला असे. त्यांच्याबद्दल मला प्रेम नाही. आजार असला तरी भरपाई आपल्यालाच करायची असते.

हे लिहिताना बायकोचा विचार येतोय आणि मघाचा राग जरा उतरलाय. तिला मी स्वतःहून सांगितलं असं लिहायला आवडलं असतं, पण तसं झालं नाही, त्या रविवारनंतर आठ महिन्यांनी तिने फोन बघितला. ती ओरडली नाही. तिने विचारलं, माझ्यात काय कमी आहे? तिचं काहीच कमी नव्हतं, तिचा त्याच्याशी संबंधच नव्हता, पण हे तिला पटायला दोन वर्षं गेली, आणि ती दोन वर्षं तिने एकटीने काढली कारण तिने कोणाला सांगायचं होतं? माणूस दारू पीत असेल तर बायकोला निदान बहिणीजवळ रडता येतं.

त्या रात्री मी तिला सगळं सांगितलं. बाथरूम, नळ, भिजलेला कागद, सगळं. आयुष्यात पहिल्यांदा एका जिवंत माणसाला कळलं. दुसऱ्या दिवशी सुटलं का? छे. पण काहीतरी सैल झालं, ते आधीच्या शंभर शपथांनी झालं नव्हतं.

मग काउन्सेलर. पहिल्या दिवशी चाळीस मिनिटं मी झोप लागत नाही एवढंच बोललो आणि उठताना दाराजवळ खरं सांगितलं. त्या बाईंनी भुवईसुद्धा हलवली नाही, म्हणाल्या, परत बसा. त्यांनी मला वही करायला लावली. कधी ओढ लागते, त्याआधी काय झालं होतं. दोन महिन्यांनी वहीत स्पष्ट दिसलं की वासनेचा भाग थोडाच होता. बॉस बोलला की, बायकोशी अबोला झाला की, घरात एकटा असलो की, दमून झोप येत नसली की. त्या रविवारच्या आदल्या दिवशी माझ्या हातून एक मोठं काम गेलं होतं, ते मी कोणालाच सांगितलं नव्हतं, हेसुद्धा वहीमुळे आठवलं.

बाकी उपाय साधेच. फोन रात्री बाहेरच्या खोलीत, बाथरूममध्ये फोन न्यायचा नाही म्हणजे नाही. असल्या साइट्स उघडू न देणारा ब्लॉकर टाकला, पासवर्ड बायकोकडे, ब्लॉकरला वळसा घालता येतो पण तेवढ्यात शुद्धीवर यायला वेळ मिळतो. ओढ आली की तिच्याशी मारामारी करायची नाही, लाट आहे, चढते आणि उतरते, माझी पंधरा-वीस मिनिटांत उतरायची, तोवर घराबाहेर चालत राहायचं. काहींना डॉक्टर गोळ्याही देतात, खास यासाठी मान्यता असलेलं औषध नाहीये पण उदासी किंवा चिंता सोबत असेल तर फायदा होतो, ते मानसोपचारतज्ज्ञांनी ठरवायचं. दारू सोडणाऱ्यांचे जसे गट असतात तसे यासाठीही १९७० च्या दशकापासून आहेत, नाव न सांगता बसता येतं. मी ज्या ऑनलाइन गटात बसायचो तिथे दोन बायकाही होत्या. त्यातली एक म्हणाली होती की तुम्हा पुरुषांवर लोक निदान हसतात, माझं तर कोणाला खरंच वाटत नाही.

आणि घसरण. घसरलो, खूपदा घसरलो. चाळीस दिवस नीट गेले आणि एकेचाळिसाव्या दिवशी पाय घसरला की वाटतं, गेलं सगळं, आता काय राहिलंय, आणि मग त्या एका रात्रीचा आठवडा होतो. अ‍ॅलन मार्लॅट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने यावर बरंच काम केलंय, त्या पहिल्या चुकीपेक्षा 'गेलं सगळं' हा विचारच माणसाला खोल नेतो. काउन्सेलर बाईंनी मला दिवसांची मोजणीच बंद करायला लावली. घसरलास तर त्याच रात्री बायकोला सांग, बास. सांगायला लागलो तसं आठवड्याचं परत एका रात्रीवर आलं. शेवटचं घसरून आता तीन वर्षं झालीत.

तो कागद अजून माझ्या कपाटात आहे. पाय असलेला मासा काढलाय तिने, शेपटीकडचा रंग पाण्याने पसरलाय. मुलगी आता अकरा वर्षांची आहे, तिला यातलं काही आठवत नाही, एकदा मी विचारलं तर म्हणाली माशाला पाय कोण काढेल बाबा.

दुपारी त्या मित्राला फोन केला. उचलला नाही. परत केला, कट केला. ग्रुप मी सोडलाय. स्टिकर बनवणाऱ्याला वेगळं लिहिलंय काय लिहायचं ते, ते इथे नको.

बायकोने आत्ता हे सगळं वाचलं. एक ओळ काढायला लावली, काढली.

मित्रा, तू वाचतोयस हे मला माहितीये, कारण तू फोन कट केलास म्हणजे तो तुझ्या हातात आहे. तुझा मेसेज मी डिलीट व्हायच्या आधी वाचला होता आणि उत्तर टाईप करत होतो. सगळ्यांसमोर टाकू की नको यात मी अर्धा तास घालवला आणि शेवटी झोपलो, हे मला आज दिवसभर खातंय. आज रात्री माझा फोन बाहेरच्या खोलीतच असेल, पण रिंगचा आवाज मोठा ठेवलाय. दीडला कर, तीनला कर. काही बोलायचं नसेल तर नुसता लाव.